खाटेखालची जागा

भूत म्हणजे भित्र्या मनानं अज्ञानाच्या अंधारात काढलेलं चित्र आहे. विज्ञानाच्या उजेडात ते पुसलं जातं. हे माझं ठाम मत आहे.

हे मत मी पलंगावर दोन्ही पाय वर घेऊन लिहितो आहे.

खाली सोडायची हिंमत होत नाही.

पुढचं अक्षर न् अक्षर खरं आहे. मागच्या मे महिन्यातली गोष्ट. ठिकाण आमचं वर्ध्याजवळचं सेलू. वेळ भर दुपारची. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी बाहेर पडायची भुतांचीही छाती होत नाही, म्हणून मी बेसावध होतो.

माझा पुतण्या पियुष नागपूरला आर्किटेक्ट आहे. हिरालालशेठनी आईच्या नावानं सेलूत दवाखाना बांधायला काढला आणि नकाशाचं काम त्याला दिलं. पोरानं जीव ओतला. पडल्या पडल्या कडुलिंब दिसावा म्हणून खिडक्या खाली घेतल्या. दारांना आवाज नाही. भिंतींचा रंग असा, की बघूनच ताप अर्धा उतरावा.

आणि खाटा...

खाटांखाली जागाच ठेवली नाही. विटा-सिमेंटचा भरीव ओटा, बाजूनं टाइल, वर गादी.

"काकाजी, आपल्याकडे पेशंट एक अन् खाटेखाली सारं खानदान," पियुष म्हणाला. "डबे, चपला, घोरणं. पेशंटले शांती भेटली पाह्यजे. नातेवाईक काचेच्या बाहेर."

काचही त्यानं खास आणली होती. बाहेरून पेशंट दिसतो. आतून मात्र पेशंटला काचेवर बांबूचं हिरवंगार बन दिसतं. आवाज इकडचा तिकडे जात नाही.

उद्घाटनाला मी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

मग माझी बायको, कोकिळा, तिथंच भरती झाली. न्यूमोनिया.

तिनं एकच विचारलं. "अजी, तुम्ही खाली झोपाल ना?"

ह्याला कारण होतं. माझ्या हर्नियाच्या वेळी ती वर्ध्याच्या दवाखान्यात माझ्या खाटेखाली चटई टाकून राहिली होती. कळ आली की मी हात खाली सोडायचो. ती बोट धरायची. बोलणं काही नाही. बोट धरलं की मला झोप लागायची, आणि मी तिच्यावर उपकार केल्यासारखा घोरायचो.

"खाली जागा नाई," मी म्हणालो. "पण काचेतून मले तू दिसशील."

"अन् मले तुम्ही?"

मी बांबूच्या बनाकडे पाहत राहिलो.

त्या दुपारी लाइट गेली.

ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं. मयुरी सिस्टर जनरेटर सुरू करायला बाहेर धावली आणि तिच्या मागे दार लागलं. ते दार लाइटवर चालणारं. कार्ड लावलं, उघडेना. ती किल्ली आणायला पळाली.

आत कोकिळा एकटी.

तिचं तोंड उघडं होतं. पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं. ती मला हाक मारत होती की श्वास ओढत होती, कळेना.

"कोकिळा! मी हाओ! मी इथंच हाओ!"

मी काचेवर मुठी आपटल्या. डोकं आपटलं. खुर्ची घातली.

काच चांगल्या प्रतीची होती.

मग तिचा हात गादीवरून घसरला... खाली आला... टाइलवरून इकडेतिकडे फिरायला लागला.

ती बोट शोधत होती.

टाइल. टाइल. नुसती टाइल.

मी देवाचं नाव घेतलं. कुठल्या देवाचं, ते आठवत नाही. जे तोंडात आलं ते घेतलं.

आणि तिचा हात थांबला.

ओट्याच्या टाइलमधून... एक हात बाहेर आला होता.

हडकुळा. मनगटात हिरव्या काचेच्या बांगड्या.

त्यानं कोकिळेचं बोट धरलं.

तिची धाप कमी झाली. छाती संथ झाली. मला वाटलं, संपलं सगळं.

पण छाती हलत होती. सावकाश, झोपेत हलते तशी.

मयुरी किल्ली घेऊन आली, दार उघडलं, लाइटही आली. दुसरा हात कुठंच नव्हता. कोकिळेनं डोळे उघडले.

"तुमचा हात इतका थंडा काऊन होता जी?"

संध्याकाळी पियुष आणि त्याचे वडील, माझा भाऊ गजेंद्र, आले. दवाखान्याचं बांधकाम गजेंद्रचंच. त्यानं हातोडीनं ओटा ठोकून दाखवला. "पाह्य भाऊ, भरीव हाये. आत मुंगीले जागा नाई."

आतून बांगड्या वाजल्या...

कोणी कूस बदलावी, तशा.

गजेंद्रनं हातोडी हळूच खिशात घालायचा प्रयत्न केला. मयुरी सिस्टर पाणी पिऊन येते म्हणाली, ती थेट अल्लीपूरला, माहेरी.

कोण होती ती बाई? आधी त्या जागी काय होतं? प्रत्येकानं मला वेगळं सांगितलं. मी सगळ्यांवर विश्वास ठेवला.

पियुषनं सगळे ओटे फोडले. आत विटाच होत्या. आता तिथं साध्या खाटा आहेत. खालून एक फळी बाहेर ओढली की नातेवाइकाचं अंथरूण तयार. पेशंट खूश आहेत. तिथं कोणाला काही ऐकू येत नाही.

मग ती गेली कुठं, असं मला कोणी विचारत नाही.

कोकिळा घरी आली आहे. अशक्त आहे. डॉक्टर म्हणतात, झोप लागते आहे तोवर काळजी नाही.

झोप तिला लागते. हात पलंगाखाली सोडला की लगेच.

आमचा पलंग पेटीचा. चारी बाजूंनी बंद. आत तिच्या लग्नातली पितळी भांडी.

एकदा मी तिचा हात वर घेतला, आपल्या हातात धरला. तिला धाप लागली. तशीच, त्या दुपारसारखी. ओठ निळे पडायला लागले. मी तिची माफी मागत होतो, ती मला ओळखत नव्हती.

मीच तो हात परत खाली सोडला.

धाप थांबली.

आता मी तिच्या शेजारी बसून असतो. हात वर काढावा म्हटलं तर कोकिळा जाईल. राहू द्यावा म्हटलं तर, धरलेलं बोट ती खालची बाई किती दिवस नुसतं धरून ठेवील? मी कोणाला विचारू?

आत्ताही दुपार आहे. कोकिळा झोपली आहे. तिचा हात खाली लोंबतो आहे. बोटं कशाभोवती तरी मिटलेली...

पलंगात भांडी वाजली.

मग आवाज आला. थकलेला, बाईचा. कुठल्याही दवाखान्यात खाटेखालून येतो, तसा.

"भाऊ... तेवढी मोठी परात काढता काय जी? पाय लांब होऊन नाई राह्यले."