घड्याळजींचा कंद

आता जे सांगतो ते कुणालाही खरं वाटणार नाही, आणि ज्याला वाटेल त्याच्या अकलेची मला काळजी वाटेल. मागे एका माशाने माझ्याशी आठ दिवस अबोला धरल्याचं मी सांगितलं होतं. ती थाप होती, कबूल. ही नाही.

"झालं सुरू," शेंगा सोलता सोलता बायको म्हणाली. सूनबाईही तिथेच होती. ती औषधांच्या दुकानात गोळ्या मोजून देते. नुसती ऐकत बसली. अशा माणसांपासून जपून असावं.

तर, चाळीस वर्षं मी लोकांच्या घरांतल्या माशांच्या टाक्या सांभाळल्या. लोक मासे बघायचे, मी झाडं बघायचो. त्यातही कंदाची झाडं. कंद म्हणजे अक्रोडाएवढा काळपट, केसाळ गोळा. वाळूत गळ्यापर्यंत पुरायचा आणि डोकं बाहेर ठेवायचं. डोकं पुरलंत तर आठवड्यात सडतो आणि सगळी टाकी घाण करतो. नीट लागला तर हातहातभर पानं काढतो. वर्षातून एकदा मात्र त्याला झोप लागते. पानं गळतात, नुसता गोळा उरतो. नवखा माणूस मेला म्हणून फेकून देतो. जाणता तो काढून ओल्या वाळूच्या डब्यात, गार जागी, दोन-तीन महिने निजू देतो.

आमच्या घड्याळजींच्या टाकीत असा एकच कंद होता, बरोबर मधोमध. घड्याळजी म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे, माझे जुने दोस्त. पुढच्या खोलीतच त्यांचं कामाचं टेबल, त्यासमोर दांडे झिजलेली खुर्ची, आणि शेजारी टाकी. ते गेले आणि त्याच आठवड्यात झाडाची पानं गळली.

वहिनींनी मला बोलावलं. टाकीपाशी उभं राहून म्हणाल्या, "भाऊजी, हसणार नसाल तर एक सांगते."

"हसायचं की नाही ते ऐकल्यावर ठरवू."

"याची पानं ह्यांच्या खुर्चीकडे झुकायची. खिडकी तिकडे, दिवा वर, आणि झाड आपलं खुर्चीकडे. हे गेल्यावरही चार दिवस झाड तिकडेच झुकलेलं होतं. मग गळालं." त्यांनी काचेवर बोट टेकवलं. "लेक मला घेऊन जायचं म्हणतेय. हे घर बंद करायचं म्हणते. मी तिला म्हटलंय, झाड पुन्हा येऊ दे. आलं आणि तसंच झुकलं, तर हे घरातच आहेत असं मी समजेन आणि इथंच राहीन. नाही झुकलं, तर मी एकटी भिंतींशी काय बोलू?"

मी हसलो नाही. कंद काढून घेतला आणि माझ्या टाक्यांच्या दुकानात आणून वाळूच्या डब्यात ठेवला.

आणि इथे मी गाढवपणा केला. त्याच डब्यात आणखी एक कंद निजला होता, दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातला. जात वेगळी. घड्याळजींच्या झाडाच्या पानांना कडेने झालर येते, डॉक्टरांच्या झाडाची पानं साधी, कांदा सोलल्यावर निघतो त्या पापुद्र्यासारखी पातळ. पण गोळे म्हणाल तर जुळ्या भावांसारखे. मी आइस्क्रीमच्या काड्यांवर शाईने नावं लिहून शेजारी खोचली होती. अडीच महिन्यांनी डबा उघडला तेव्हा ओलीने दोन्ही काड्या कोऱ्या झाल्या होत्या.

घाबरलो नाही. पानं आली की कळेल, म्हणून दोन बरण्यांत दोन्ही लावले आणि खिडकीत ठेवले. पण झालर काही पहिल्या पानांना येत नाही. ती यायला महिना-दीड महिना लागतो. पहिली पाच-सहा पानं सगळ्यांची सारखीच, तान्ह्या पोरांच्या तोंडांसारखी. वहिनींचा निरोप आला, लेक रविवारी येतेय.

गुरुवारी सकाळी दुकान उघडलं तर दोन्ही बरण्यांतली पानं खिडकीकडे पाठ करून भिंतीकडे झुकलेली. त्या भिंतीवर रबरी नळ्यांची भेंडोळी सोडली तर काही नाही. मी बरण्या फिरवून ठेवल्या. दुपारपर्यंत पानं पुन्हा भिंतीकडे. भिंतीवर दिवा लावून पाहिला, मग काढून पाहिला. बरण्या जमिनीवर ठेवल्या, माळ्यावर ठेवल्या. चौकसपणा हा माझा जुना रोग आहे. शेवटी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो आणि मनातल्या मनात रेघ ओढली. भिंतीच्या पलीकडे शिंप्याचं दुकान, मग शाळेचं कुंपण, मग वळण, आणि त्या सरळ रेषेत घड्याळजींचं घर.

एकाने असं करावं हे मी वहिनींच्या शब्दावर मान्य केलं असतं. पण दोघांनी? ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. अडीच महिने एका डब्यात शेजारी निजले होते ना! आता खरा कुठला आणि शिकलेला कुठला, हे मला सांगता येईना.

शनिवारी दुपारी दोन्ही बरण्या बादलीत घालून निघालो. शाळेच्या वळणावर मी डावीकडे वळलो. बरण्या माझ्याबरोबर वळल्या, पानं वळली नाहीत. ती होती त्याच दिशेला राहिली, होकायंत्राच्या सुईसारखी.

"बादलीला होकायंत्र लागलं," बायको शेंगांच्या टरफलांना उद्देशून म्हणाली.

मी लक्ष दिलं नाही.

वहिनी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेल्या. मी बरण्या घड्याळजींच्या टेबलावर ठेवल्या. दोन्ही झाडं खुर्चीकडे झुकली. खुर्ची रिकामी. टेबलावर पितळी चिमटे ओळीने लावलेले, त्यांवर धुळीचा कण नाही.

मग मला एक युक्ती सुचली. मी त्या खुर्चीत जाऊन बसलो.

डावीकडची पानं माझ्याकडे झुकलेलीच राहिली.

उजवीकडची हलली. घड्याळाच्या मोठ्या काट्याइतकी सावकाश. आधी वाटलं माझ्या श्वासाने हलली, म्हणून श्वास धरला. ती माझ्यापासून दूर होत गेली, टेबल ओलांडून, कपाट ओलांडून, आणि आतल्या खोलीच्या दाराकडे वळून थांबली.

"आत कोण आहे?" मी विचारलं.

"कोण असणार?" वहिनी मागे कप घेऊन उभ्या होत्या. मला खुर्चीत पाहून त्या हसल्या. "ह्यांच्या खुर्चीत कुणी बसलं ना, की हे वाद नाही घालायचे. गुपचूप आत जाऊन पडायचे."

मी उठलो.

पानं परत आली.

म्हणजे डावीकडच्याला खुर्ची माहीत होती, आणि उजवीकडच्याला माणूस.

यापुढे विचार करायचं काही उरलंच नाही. उजवीकडचा कंद मी स्वतःच्या हाताने टाकीत लावला, बरोबर मधोमध, डोकं बाहेर ठेवून. संध्याकाळच्या आत पानं खुर्चीकडे झुकली. वहिनी कितीतरी वेळ त्या काचेसमोर उभ्या होत्या. रविवारी लेक आली तशी एकटीच परत गेली. वहिनी आजही त्याच घरात आहेत, सकाळी खुर्ची पुसतात, दिवसभर खुर्चीशी गप्पा मारतात. डावीकडचा कंद डॉक्टरांच्या दवाखान्यात पोचता केला. ज्याचं त्याला मिळालं. आता बोला.

बायकोने सूप उचलून टरफलं पाखडली. बोलली ती सूनबाई.

"बाबा, खोटं."

"कुठलं?"

"डॉक्टरांकडे तुम्ही काही पोचवलं नाहीत. त्यांची टाकी तर केव्हाच काढून टाकली, मी त्यांच्याकडेच दात दाखवायला जाते. दुसरी बरणी आपल्या घरात आहे, जिन्याजवळच्या फळीवर. तिचं पाणी रोज मी बदलते."

"मग डावीकडची असेल ती—"

"नाही. तुम्ही वहिनींना डावीकडचा दिलात. तुम्हाला उजवीकडच्याचा मोह आवरला नाही." ती गोळ्या मोजताना बोलते तसं बोलत होती, एकेक शब्द सुटा. "सकाळी मी पाणी बदलते तेव्हा पानं तुमच्या या खुर्चीकडे असतात. तुम्ही येऊन बसलात, की ती आतल्या खोलीकडे वळतात."