विजारीच्या पायातला दोडका

पैज लागली ती हापशावर. पाणी बारीक येत होतं, घागर भरत नव्हती, आन् चांगुणाबाईचं तोंड रिकामं होतं.

"लय मोठा आलाय डोळे मिटून कापूस वळखणारा!" ती शेजारच्या बन्सीधरला म्हणाली. "आमच्या भाडेकरणीच्या बालवाडीत ये एकदा. शेंबडी पोरं हरवतेत का न्हाई बघ तुला!"

बन्सीधर जिनिंगवर कापसाची प्रत ठरवायचा. चिमटीत धागा ओढला की झालं, डोळे उघडायचं कामच न्हाई. त्या बोटांचा त्याला भारी रुबाब.

"काकू, मी हरलो तर भर बाजाराच्या दिवशी तान्ह्या पोराची कुंची घालून बालवाडीच्या सतरंजीवर बसतो. आन् तुमी हरलाव तर?"

"तर काय?"

"बाजाराच्या दिवशी दिवसभर तोंड उघडायचं न्हाई."

हापशावरच्या साऱ्या बाया खिदळल्या. चांगुणाबाईच्या जिवावर आलं, पण माघार घेईल ती चांगुणाबाई कसली? लागली पैज.

ताडकळसची बालवाडी बाजाराच्या मैदानातल्या लिंबाखाली भरायची. सत्यशीलाबाई नुकत्याच पाथरीहून आलेल्या, चांगुणाबाईकडंच भाड्यानं राहायच्या. खेळणं एक न्हाई, म्हणून बाईनं समदं घरीच केलेलं. रिकाम्या डब्यांत कुठं तूर, कुठं सरकी, कुठं खडे. डबा हलवायचा आन् आवाजावरून जोडी लावायची. विटा कुटून, हळद कालवून, नीळ घालून रंगवलेली वाळू. आन् पोरांचा सगळ्यात लाडका खेळ म्हणजे जुन्या विजारीचा कापलेला पाय! एका तोंडानं बाई वस्तू सरकवणार, दुसऱ्या तोंडानं पोरानं हात घालायचा आन् न बघता सांगायचं, काय हाय ते.

बन्सीधर मांडी घालून बसला. एक जरी वस्तू चुकली तरी तो हरला, असं ठरलेलं. बघायला अर्धी गल्ली जमलेली.

"डोळे बांधून घ्या," बाई म्हणाल्या.

"तुमीच बांधा. मी बांधलं तर फटीतून बघंल."

"पोरं न्हाई बघत कधी…"

"पोरांना काय ठावं, समोर कोण बसलंय ते!"

बाईनं फडकं करकचून आवळलं. पण आवळताना ओठ दाबून हसल्या — ते बिचाऱ्याला दिसलं न्हाई.

"चिंचोका," बन्सीधर म्हणाला. मंग सरकी. मंग कवडी. मंग दाणे काढलेलं मक्याचं बुरकुंड. चांगुणाबाईला घाम फुटला. सगळा बाजार मुक्यानं काढायचा म्हणजे!

आन् शेवटची वस्तू आत सरकवताना… बाईचा हात जरा पुढं आला, त्याचा हात जरा जास्तीच आत गेला. बोटांना बोटं लागली. विटा कुटून, वाळू चाळून चिरा पडलेली, खरबरीत, उबदार बोटं. तिनं हात काढला न्हाई… त्यानंही न्हाई.

"सांग की रे! कामून थांबलास?" चांगुणाबाई ओरडली.

बन्सीधरच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. काय सांगणार?

"दोडका," तो म्हणाला. "वाळलेला दोडका."

बाईनं झटक्यात हात बाहेर ओढला. द्यायची गारगोटी अजून मुठीतच होती, आन् चांगुणाबाईची नजर घारीची.

"अगं बया! बाईच्या हाताला दोडका म्हनला की ह्यो!"

गल्ली हसून लोळली. बाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले. फडकं सोडल्यावर बन्सीधरला पहिलं दिसलं ते हेच — पदराखाली दडवलेले हात आन् खाली घातलेली मान. त्याला वाटलं, बसल्या जागी जमिनीनं गिळावं.

त्या दिवसापासून तो लिंबाकडची वाटच सोडून दुसऱ्या गल्लीनं जिनिंगवर जायला लागला. तिथं गडी हाक मारायचे, "आला बगा दोडका!" तो हसायचा न्हाई, चिडायचा न्हाई. कापूस बोटात धरला की तीच बोटं आठवायची, आन् मान आपोआप खाली जायची.

एका सकाळी चांगुणाबाईनं त्याला दारातच गाठलं.

"बाई पोरांपुढं हातच काढंना झालीया. बाजार झाला की दुसऱ्या दिवशीच्या येष्टीनं सोनपेठला चालली म्हनं, तिकडच्या बालवाडीवर. आन् तुजी कुंची मी धुऊन ठेवलीया."

"काकू… माझ्यामुळं चालल्या का?"

"मंग काय माझ्यामुळं?" ती म्हणाली खरी, पण आवाज तिचाही पडलाच होता.

बाजाराच्या दिवशी बन्सीधर आला. मिशीवाला गडी, डोक्याला झालर लावलेली कुंची, हनुवटीखाली बंद. मिरच्यावाले मिरच्या सोडून आले, चप्पलवाले चपला. पोरांनी सरकून सतरंजीवर जागा करून दिली.

बाईनं पदर हातांवर ओढूनच विजारीचा पाय पुढं धरला. नजर वर न्हाई.

"सांगा."

त्यानं हात घातला. "दोडका."

"बरोबर." तिनं वाळका दोडका बाहेर काढून त्याच्यापुढं ठेवला. "खरा दोडका वळखता येतो की तुमाला. मंग त्या दिवशी…?"

"त्या दिवशीबी वळखलं होतं." त्यानं कुंचीचा बंद चाचपला. "हात म्हणलं असतं तर गावानं तुमाला नावं ठेवली असती, बाई. काय बोलावं सुचलं न्हाई… जिभेवर दोडकाच आला. मेल्याहून मेल्यागत झालं मला."

मंग बाईचा पदराखालचा हात हळूच बाहेर आला… आन् विजारीच्या पायात गेला.

"आता सांगा. काय हाय?"

"समद्यांदेखत?"

"हरलाव की तुमी. पैज फेडा. मोठ्यानं!"

कुंचीची झालर थरथरायला लागली.

"हात हाय!" बन्सीधर ओरडला. "सत्यशीलाबाईचा! आन्… त्यांची ना नसंल तर… मी काही सोडणार न्हाई!"

"सोनपेठची येष्टी मंग रिकामीच जाऊ द्या," बाई म्हणाल्या. आन् विजारीच्या पायात त्याची बोटं घट्ट दाबली गेली.

पोरांनी डबे वाजवायला घेतले — तुरीचे, सरकीचे, खड्यांचे, समदे एकदम. आन् पैज जिंकलेली चांगुणाबाई पदर तोंडाला लावून उभी राहिली. बाजार उठेस्तोवर तिच्या तोंडून अक्षर फुटलं न्हाई.