एकहाती

“त्या निळ्या गाडीत त्यानं बायकोला…” एवढंच गॅरेजवाला फोनवर म्हणाला, आणि आम्हा दोघींना दारात बघून त्यानं घाईघाईनं फोन ठेवला.

अर्धवट गोष्ट कानावर पडली की माझ्या पोटात दुखायला लागतं, हे आमच्या अख्ख्या मजल्याला ठाऊक आहे. शेजारच्या पोरीला सातवा महिना लागला होता. नवरा कामासाठी परगावी, दवाखाना लांब. म्हणून तिनं जुनी गाडी घ्यायचं ठरवलं होतं आणि ती निळी गाडी तपासायला टाकली होती. सोबत मी. सकाळचे अकरा वाजले होते, लख्ख ऊन होतं.

“बायकोला काय?” मी विचारलंच.

“काकू, मी गाडी तपासतो, संसार नाही.” तो कागद पुढे सरकवत म्हणाला. “नंबर जुळतात. अपघाताची नोंद नाही. रंग मूळचा. आणि गाडी… एकहाती आहे.”

एकच मालक, एवढाच त्याचा अर्थ. पण तो शब्द उच्चारताना त्यानं मान खाली घातली.

मी गाडीभोवती फिरले. तीन दारांचं रबर कडक होऊन चिरलेलं. चालकाशेजारच्या दाराचं तेवढं नवंकोरं. तिथं नाक नेलं तर ओल्या लोखंडाचा वास.

“पाणी झिरपत होतं,” मागून आवाज आला. गाडीचा मालक. मऊ बोलणारा, इस्त्रीच्या शर्टातला. “माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही हिला. चला, चक्कर मारून आणतो.”

पोर पुढे बसायला गेली, पण ते दार उघडेना. ती ओढत होती आणि आतून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं ते अर्धा इंच येऊन परत मिटत होतं. शेवटी आम्ही दोघी मागे बसलो.

पहिल्या वळणावर ऐकू आलं. टक… टक… त्याच दारातून. बोटाच्या पेरानं वाजवावं तसं.

“काकू, काहीतरी सैल आहे वाटतं,” पोर म्हणाली.

मालकाच्या मानेवर घाम फुटला होता. शेजारच्या रिकाम्या सीटकडे न बघता तो पुटपुटला, “गप… परत लावू का दार?”

टकटक थांबली. मग त्याच्या गळ्यावर पाच खळगे पडले. कुणीच दिसत नव्हतं, पण कातडी आत दबत गेली, पांढरी पडली. त्याचं डोकं मागे ओढलं गेलं आणि स्टिअरिंगवर आपटलं. पुन्हा ओढलं, पुन्हा आपटलं. काचेवर रक्त उडालं. तिसऱ्यांदा हाड मोडल्याचा आवाज मी या कानांनी ऐकला. पोरीला मी छातीशी आवळलं, आणि गाडी भिंतीवर गेली.

पुढची रिकामी सीट चिपाडासारखी चेपली. पोर तिथं बसणार होती.

आम्हाला खरचटलंसुद्धा नाही. मालक जागीच गेला. दवाखान्यात पोरीच्या बाळाचे ठोके नीट लागले, तरी रात्रीपुरतं तिला तिथं ठेवून घेतलं.

संध्याकाळी पोरीच्या खोलीत एक बाई आली. डाव्या बाहीत हात नव्हता.

“मी त्या गाडीवाल्याची बायको. ओळख पटवायला बोलावलं होतं,” ती म्हणाली. “त्या गाडीत त्यानं मला मारून टाकलं, असं लोक सांगतात. मारलं नव्हतं. माझा हात दारात धरला आणि दार लावलं. तीनदा. मग मी पळाले.”

मला राहवेना. “आणि हात?”

“गाडीतच राहिला. त्यानं खूप शोधला म्हणे… सापडला नाही.”

ती पोरीच्या उशाशी बसली. उजवा हात मांडीवर होता, डावी बाही रिकामी लोंबत होती. झोपलेल्या पोरीच्या कपाळावरची बट माझ्या डोळ्यांदेखत उचलली गेली, आणि अलगद कानामागे सरकली.

“थंड आहे,” पोर झोपेत म्हणाली.