खालून तिसरी रेघ

धक्का बसला तेव्हा तिने आधी डोळे मिटले, मग ब्रेक दाबला. क्रम उलटा झाला हे तिला नंतर कळलं.

ती काम करायची त्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या मागच्या आवारातून ती बाबांची जुनी गाडी मागे घेत होती. मागे काही नाही, याची खात्री तिने तीनदा केली होती. तरी काहीतरी होतंच. एक स्कूटर आडवी पडली होती, आणि तिच्या पेटीतून सांडलेल्या पट्ट्या, बाटल्या, फडकी गोळा करत एक माणूस उकिडवा बसला होता.

"लागलं का तुम्हाला?" तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"मला नाही. स्कूटरचं मात्र तिलाच विचारा."

तो उठला, पण स्कूटरकडे वळला नाही. थेट गाडीच्या मागच्या काचेपाशी गेला. काचेवरची काळी फिल्म कधीच जांभळी पडली होती आणि तिला जागोजागी फोड आले होते. त्याने बोटाने एक फोड हलकेच दाबला.

"यातून बघत होता तुम्ही?"

"हो… बघत होते."

"काय दिसलं?"

"जांभळं धुकं."

"मग बरोबर. मी त्याच धुक्यात उभा होतो."

तिला हसू आलं, आणि गाडीची किल्ली आपण मुठीत घट्ट आवळून धरलीय हेही त्याच वेळी लक्षात आलं. त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण तो पुढचं अगदी सावकाश बोलला. गाड्यांना काचा बसवणं, फिल्म लावणं आणि काढणं हा त्याचा धंदा. प्रयोगशाळेच्या व्हॅनची काच बदलायला आला होता. तिथले सगळे त्याला काचवालाच म्हणत.

"ही फिल्म काढून द्याल? बुधवारपर्यंत?" तिने विचारलं. "गुरुवारी बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे. दोन तासांवरच्या शहरात. आजवर गाडी तेच चालवायचे. आता मी… माझ्याकडे सहा वर्षं लायसन्स आहे."

"आणि गाडी किती वर्षं चालवताय?"

"चार दिवस."

तो हसला नाही, याबद्दल तिने मनातल्या मनात त्याचे आभार मानले.

"काढून देतो. पण मागच्या काचेला वेळ लागतो. या बारीक आडव्या रेघा बघा, यांतल्या विजेने काच तापते, सकाळचं धुकं उडतं. फिल्म ओढली की रेघ उचकटते. आणि ब्लेड तर लावायचंच नाही. अकरा वर्षांत माझ्या हातून एकही रेघ तुटली नाही." स्वतःची उंची सांगावी तितक्या साधेपणाने त्याने हे सांगितलं.

तिची नजर फिल्मच्या खालच्या कोपऱ्याकडे गेली. कारण कालच, रविवारी दुपारी, तिने ब्लेड लावलं होतं.

फिल्मखालचा गोंद किती तापमानाला मऊ होतो हे तिला ठाऊक होतं. तिने अमोनियाचं पाणी फवारलं, काळं प्लास्टिक अंथरलं, घड्याळ लावून उन्हात वाट बघितली. खालच्या कोपऱ्यातली वीतभर फिल्म सुटलीही. गोंद राहिला, म्हणून बाबांच्या दाढीचं ब्लेड घेतलं. हात किती दाबायचा, ते मात्र कोणत्याच पुस्तकात नव्हतं. खालून तिसऱ्या रेघेवर एक बारीकसा काप पडला. तिने घाईघाईने फिल्म परत दाबून बसवली आणि हात धुतले. दोनदा.

हे आत्ता सांगायला हवं होतं. ती म्हणाली, "मग उद्या दुपारी आणते."

*

मंगळवारी दुपारी त्याच्या वर्कशॉपमध्ये ती मागच्या सीटवर गुडघे टेकून बसली होती. हातात त्याने दिलेला दिवा होता. तो बाहेरून काचेवर वाफ सोडत होता आणि मधूनमधून आत वाकून फिल्मची कड प्लास्टिकच्या पट्टीने सोडवत होता. वाफेने सगळी काच पांढरी झाली. तिला नुसती त्याची सावली दिसायची, मग कुठूनतरी थेंब ओघळायचा आणि त्या वाटेने त्याचा एक डोळा दिसायचा.

"दिवा हलतोय मॅडम."

"दिवा नाही, मी हलतेय."

"का?"

"मी अशीच आहे. घराला कुलूप लावलं की चार वेळा ओढून बघते."

"मी तीन वेळा," तो म्हणाला. "तुम्ही माझ्या एक पाऊल पुढे आहात."

"प्रयोगशाळेत याला काटेकोरपणा म्हणतात."

"आमच्या घरी आई याला खूळ म्हणते."

ती मोकळेपणी हसली. कितीतरी दिवसांनी. फिल्म हळूहळू, हुं की चूं न करता उतरत होती. त्याचे हात तिने इतके जवळून बघितले की अंगठ्यावरचा जुना व्रणही पाठ झाला. मनात एकीकडे खालचा कोपरा जवळ येत होता… आणि दुसरीकडे हे काम कधी संपूच नये असं वाटत होतं.

कोपरा आला. फिल्म तिथे सहज सुटली, जरा जास्तच सहज. त्याने गोंद पुसला, काच कोरडी केली आणि वीज तपासायचा मीटर काढून एकेका रेघेला त्याची टोकं लावायला सुरुवात केली. काटा हलायचा, तो मान हलवायचा. खालून तिसऱ्या रेघेला काटा हलला नाही.

त्याने पुन्हा लावून बघितलं. मग टोकं पुसून पुन्हा.

"तुटली," तो म्हणाला. तोंडावरचा रंग उतरला होता. "माझ्या हातून… कशी तुटली?"

शब्द तिच्या ओठांपर्यंत आले होते. पण आता सांगितलं तर काल का नाही सांगितलं, हा प्रश्न आधी उभा राहणार. आणि आत्ता या काचेतून तिच्याकडे बघणारे ते डोळे मग कसे बघतील…

"असू दे ना," ती पुटपुटली. "एकच तर आहे."

"एकच कशी? परवा सकाळी धुक्यात तुम्ही गाडी चालवणार." त्याने कपाटातून चांदीच्या रंगाची छोटी बाटली आणली, रेघेच्या वरखाली चिकटपट्टी लावली आणि श्वास रोखून केसाएवढ्या ब्रशने तुटलेली जागा सांधली. "यातून वीज जाते. एक दिवस वाळू द्या. उद्या संध्याकाळी तपासू. आणि… माफ करा मॅडम."

त्या शेवटच्या तीन शब्दांनी तिची झोप उडवली.

*

बुधवारी तिने एकाच नमुन्याची नोंद दोनदा केली. दुपारी घरी आली तर बाबा खिडकीशी बसले होते.

"ठमे, काय तोडलंस?"

"मी कुठे काय…"

"मला नीट दिसत नसेल, पण तू लहानपणी बरणी फोडलीस तेव्हाही अशीच पाय न वाजवता घरात आली होतीस."

तिने सगळं सांगितलं. ब्लेडपासून माफीपर्यंत. बाबांनी ऐकून घेतलं.

"माणूस बरा आहे का?"

"बाबा, मी रेघेबद्दल बोलतेय."

"मी पण. जा, सांगून ये. ऑपरेशन होऊन पट्टी काढतील तेव्हा मला पहिल्यांदा तुझं तोंड दिसणार. हे असलं तोंड मला बघायचं नाहीये."

ती वर्कशॉपमध्ये पोचली तेव्हा तो फोनवर बोलत होता. "नाही, मागची काच मी घेत नाही आता. दुसरीकडे दाखवा." फोन ठेवून तो तिच्याकडे वळला, आणि तिला वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही.

"ती रेघ मी तोडली," ती म्हणाली. "रविवारी. तुम्ही भेटायच्या आधी. कोपऱ्यातली फिल्म काढली, ब्लेडने गोंद खरवडला आणि फिल्म परत चिकटवून टाकली. सोमवारी सांगायला हवं होतं. काल तर सांगायलाच हवं होतं. तुमची अकरा वर्षं… तशीच आहेत. तुम्ही काही तोडलेलं नाही."

तो स्टुलावर बसला. हातातल्या फडक्याची त्याने घडी केली, ती उलगडली, पुन्हा केली. तिने मनात आकडे मोजायला सुरुवात केली. बारापर्यंत पोचली.

"ब्लेड कुठलं?"

"दाढीचं. बाबांचं."

"तरीच काप इतका सरळ." मग तो हळूच म्हणाला, "काल सांगितलं असतंत तर मी झोपलो असतो."

"माहीत आहे. मी पण."

"राग आलाय मला."

"यायलाच हवा."

"थोडा स्वतःचाही आलाय." तो मान खाली घालून फडक्याशी बोलावं तसं बोलू लागला. "काम सुरू करण्याआधी मी प्रत्येक रेघेला मीटर लावतो. अकरा वर्षांत एकदाही चुकलो नाही. काल लावला असता तर तुटलेली रेघ आधीच सापडली असती. काल मी विसरलो. तुम्ही दिवा धरून बसला होता, आणि… मी मीटर विसरलो. का विसरलो, ते रात्रभर जागून कळलं. ते तुम्हाला सांगायचं धाडस मात्र नव्हतं."

बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवला. दोघंही दचकले, आणि दचकल्याबद्दल दोघांनाही हसू आलं.

"आधी रेघ तपासू," ती म्हणाली. गाल गरम झाले होते. "बाकीचं नंतर."

त्याने मागच्या काचेवर वाफ सोडली. काच पांढरीफटक झाली. तिने पुढे बसून बटण दाबलं. आधी काहीच नाही. मग वरून एक आडवी, स्वच्छ पट्टी उघडली. तिच्याखाली दुसरी, तिसरी… एकीखेरीज सगळ्या उघडल्या. खालून तिसरीच्या जागी धुकं तसंच होतं. तिने श्वास रोखला. काचेपलीकडे तोही हलला नाही. आणि मग अगदी सावकाश, जरा उशिराने, तीही उघडली.

तो खिडकीपाशी आला. "जमलं."

"उद्या सकाळी सहाला निघायचंय," ती समोर बघत म्हणाली. "तुम्ही मागे बसाल? म्हणजे… सोबत."

"मागे बसलो तर काच अडेल. इतकी मेहनत वाया."

"मग पुढे बसा. बाबा मागे आडवे होतील."

"बाबांना चालेल?"

"त्यांनी कालच विचारलंय, माणूस बरा आहे का."

"काल?"

"आज. आज दुपारी." तिला दिवसही धड सांगता येईनात. "चुकतंय माझं सगळं."

"काय उत्तर दिलंत?"

"अजून दिलेलं नाही. उद्या देणार आहे… तुमच्यासमोर."

तो गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हातांनी खूण करू लागला. या, या, थोडं डावीकडे… तिने रिव्हर्स टाकला. आरशात बघितलं. जांभळं काही नव्हतं, धुकं नव्हतं. तो होता, अंगठ्यावरच्या व्रणासकट.

"दिसतोय का मी?" त्याने ओरडून विचारलं.

ब्रेकवर पाय ठेवून, या वेळी डोळे उघडे ठेवून ती म्हणाली, "दिसताय."