दुसरा हात येईपर्यंत

तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझे केस काळे होते. तड... मग बराच वेळ काही नाही... मग पुन्हा तड. मोठा वणवा येऊन गेल्यानंतरची सकाळ होती. डोंगरावर पाखरू नव्हतं, आणि त्या गप्प राखेत झाडांची फळं उकलत होती. आमच्या डोंगरावरच्या झाडांची फळं लाकडासारखी टणक, डिंकानं बंद झालेली असतात. आगीची धग लागल्याशिवाय बी सोडत नाहीत. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी दादाला शोधत होतो. वाटलं, तोच कुठंतरी बोटं मोडत बसलाय.

दादा काही सापडला नाही.

आग विझवणाऱ्यांची एक रीत आहे, ती आधी सांगतो. ज्वाळा गेल्या म्हणजे काम संपलं असं नसतं. सगळ्यांनी ओळीनं बसायचं, हातमोजा काढायचा आणि हाताची पाठ राखेला टेकवत पुढं सरकायचं. जमीन निवली असेल तर 'गार' म्हणायचं. मग शेजारचा म्हणतो 'गार', मग त्याच्या पलीकडचा. धग लागली तर 'गरम'. आणि गरम म्हणणाऱ्यानं जागा सोडायची नाही. दुसऱ्या कुणाचा हात त्याच्या हाताशेजारी येईपर्यंत नाही. राखेत जागा एकदा हुकली की परत सापडत नाही.

त्या दिवशी दादानं वरून 'गरम' म्हणून दिलेली हाक सगळ्यांनी ऐकली होती. मी खाली रस्त्यावर पाण्याच्या गाडीवर होतो. तेवढ्यात वारा फिरला, आणि वर जायला वाटच उरली नाही.

त्यानंतर डोंगरावर कुणी ठिणगी पडू दिली नाही. झुडपं माजली, पाचोळा गुडघ्याएवढा साचला, फळं तशीच मिटलेली राहिली. मग जंगलाचा अभ्यास करणाऱ्या बाई आल्या. म्हणाल्या, या झाडांना अधूनमधून थोडी आग हवीच असते, नाहीतर एक दिवस सगळंच जाईल. वारा पडलेला दिवस बघून आपणच एकेक तुकडा जाळायचा.

"जन्मभर विझवली, आता म्हातारपणी काडी लावायला सांगताय होय?" मी म्हणालो.

"तुम्हाला तिचा स्वभाव कळतो, आजोबा."

"कसला कळतोय!" आमचा पाणीवाला म्हणाला. "याला घरच्या बाईचा कळला नाही अजून."

पहिला तुकडा निघाला तो दादाच्या घरामागचा उतार. खाली वहिनी एकटी राहायची. नेमका त्याच दिवशी पुतण्या तिला शहरात न्यायला आला होता. दरवर्षी यायचा आणि तसाच परत जायचा. "हे आले आणि दाराला कुलूप दिसलं तर?" एवढंच ती म्हणायची. या खेपेला त्यानं माझे हात धरले. "काका, तिला ताटातलं दिसत नाही आता. तिला इथं ठेवून मी तिकडं झोपू कसा?"

दुपारपर्यंत आग शहाण्यासारखी चालली. मग आम्ही ओळीनं बसलो. ओळीच्या टोकाला मी. कंबर मोडली होती, डोळ्यांत धूर भरला होता, कधी एकदा आडवा होतो असं झालं होतं.

"गार..."

"गार..."

"गार," मी म्हणालो.

माझ्या पलीकडं कुणी नव्हतं. नुसता धूर होता.

"गरम..." तिकडून आवाज आला.

हळू आणि फार दमलेला. तोच एक शब्द वर्षानुवर्षं म्हणत बसल्यासारखा.

"कोण रे तिकडं?" पाणीवाल्यानं विचारलं.

मी रांगत गेलो आणि हात टेकवला. चटका बसला. खणून पाहिलं, तर जुन्या खोडाचं मूळ मातीखाली लाल होऊन धुमसत होतं. आग पुढं सरकू नये म्हणून आम्ही आखलेल्या जाळरेषेच्या खालून ते सरळ वहिनीच्या घराकडं निघालं होतं. वारा सुटला असता तर घर गेलंच असतं. पाणीवाल्यानं पाणी ओतून चिखल केला.

"पण सांगितलं कुणी?" बाईंनी हळूच विचारलं. सगळे एकमेकांकडं बघत राहिले. मी कुणाकडंच बघितलं नाही.

धूर विरला तशी वहिनी काठी टेकत, चाचपडत वर आली.

"हाक ऐकली मी," ती म्हणाली. "कुठून आली?"

मी तिला धरून त्या जागेवर नेलं. ती बसली आणि तिनं हाताची पाठ मातीला टेकवली. दादानंच शिकवलं असणार.

"विझवलंय, वहिनी. गार आहे आता."

"हो... गार आहे." तिची बोटं मातीवर मिटली. "भावजी... हात किती गार पडलाय हो ह्यांचा."

"वहिनी... पोरगा खाली थांबलाय. त्याला काय सांगू?"

ती उठली. काठी राखेतच राहिली. जळकी खोडं आणि खड्डे चुकवत ती भराभर उतार उतरू लागली. उजवा हात अंगापासून थोडा दूर होता, कुणाच्या हातात दिल्यासारखा. राख केव्हाच निवली होती. तरी ती जिथून जात होती तिथली फळं उकलत होती. तड... तड...

खाली पुतण्या दारात उभा होता. आईला बघून तो पुढं आला, आणि एकदम बाजूला सरला. दोघांना आत जायला वाट लागते, तेवढा.