पिंपातलं पाणी कुणी नेलं?

"आज पुन्हा पिंप निम्मं!" कुशाबामामा गरजले. "पाण्यात खेळताय व्हय रं? उद्या परत झालं तर सरळ पुण्याची एसटी धरायची!"

झालं! सुट्टी लागून आठवडा झाला नाही तोच हे! कमळ आणि तिचा धाकटा भाऊ जयसिंग अगदी रडकुंडीला आले. माले गावातल्या विहिरींनी तळ गाठला होता. मामांच्या बैलांची पावसाळ्यापर्यंतची सगळी वैरण एका गंजीत होती. ठिणगी पडलीच तर विझवायला शेजारी हे लाकडी पिंप. त्याला हात लावायची मुलांची काय बिशाद! "आम्ही नाही नेलं," दोघं रोज सांगत, पण ऐकतंय कोण?

"गावातली सगळी धोतरं मातकट," कमळ फणकारली, "मग हैबतरावांचंच कसं पांढरंशुभ्र?"

शेजारचे हैबतराव! पाणी जपून वापरा म्हणून येताजाता मुलांना झापणारे!

"बघूच की!" डोंगरवस्तीवरची त्यांची मैत्रीण पारू म्हणाली. तिनं हिरडे कुटून पिंपातल्या गढूळ पाण्यात टाकले. "त्यांची बादली लोखंडी हाय. हिरड्याचं पानी लोखंडात ऱ्हायलं, की कापडाला काळे डाग पडत्यात. लई चिवट!"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, वारा सुटलेला असताना, हैबतरावांनी भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला पालापाचोळा पेटवला. ही काय वेळ झाली?

"मामा, पळा! गंजी पेटली!" जयसिंग किंचाळला.

पिंपाच्या तळाला जेमतेम तांब्याभर पाणी! मुलांनी हिरव्या डहाळ्या तोडून आग झोडपली, मामांनी पेटत्या पेंढ्या ओढून काढल्या. निम्मी गंजी वाचली. निम्म्या वैरणीची राख झाली.

"ह्या कार्ट्यांनीच पाणी सांडलं!" धावत आलेले हैबतराव ओरडले.

"आस्सं?" पारूनं त्यांच्या कुंपणाकडं बोट केलं. "मग त्ये वाळत घातलेलं धोतर काळं कशानं झालं? पिंपात हिरडा म्या टाकलाय!"

हैबतरावांची बोबडी वळली. "लग्नाला जायचं हाय... म्हटलं, घेऊ थोडंसं..."

"थोडंसं? आता माझी बैलं काय तुमचं धोतर खात्याल?" मामा कडाडले. हैबतरावांनी खाली मान घालून आपली निम्मी वैरण द्यायचं कबूल केलं.

मामांनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! तुमी नसता तर काडी उरली नसती."

कमळचा राग मात्र उतरला नव्हता. "शाबासकी राहू द्या, मामा! रोज सांगत होतो, आम्ही नाही नेलं म्हणून. एकदा तरी ऐकायचं!"

मामा काजळलेले हात धोतराला पुसत म्हणाले, "चुकलं माझं, पोरी. आजपासनं पिंपाची राखण तुमच्याकडं. मीसुदिक तुमास्नी इचारल्याबिगर हात लावनार न्हाई."