सहा महिने की चार वर्षं

रकाना एक : अलीकडे काढलेला फोटो

"हसू नका."

"नाही हसत."

"हसताय. ओठ मिटा. दात दिसले की अर्ज परत येतो."

मी स्टुडिओच्या दारात उभी होते — दुसऱ्याच कुणाचे तरी फोटो न्यायला — आणि आत स्टुलावर, पांढऱ्या पडद्यासमोर, एक उंच माणूस शाळेत शिक्षा झाल्यासारखा ताठ बसला होता. फोटोवाले काका कॅमेऱ्यामागून करवादले, "हनुवटी खाली. कान दिसू द्या. अहो, परदेशात जायचंय ना? मग असं तोंड करा, की तिकडचं काहीच आवडणार नाहीये."

मला हसू फुटलं. त्याने ऐकलं. मग काही इलाजच उरला नाही... सहा फोटो वाया गेले.

"मॅडम, तुम्ही आधी बाहेर व्हा," काका म्हणाले. "स्वतःचीच गिऱ्हाइकं बिघडवताय."

"यांची गिऱ्हाइकं?" त्याने विचारलं.

"वरच्या मजल्यावर परदेशी नोकरीचे अर्ज भरून देतात ना, तिथल्या या."

"मग मी यांच्याकडेच चाललोय." मांडीवरची फाइल त्याने पुरावा दाखवावा तशी वर केली.

"या की," मी म्हटलं. "पण ओठ मिटून."

रकाना चार : व्यवसाय

(दोन आणि तीन त्याने स्वतः भरले. अक्षर भयंकर आहे.)

वेल्डर. नऊ वर्षं.

"पाइप जोडतो," तो म्हणाला. "असा, की डोळे मिटून हात फिरवला तर जोड कुठे आहे ते कळू नये."

"एवढं लिहायला जागा नाहीये."

"नका लिहू. तुम्हाला सांगितलं."

रकाना सात : वैवाहिक स्थिती

"लग्न?" मी मान वर न करता विचारलं.

"नाही."

"घटस्फोटित, विधुर...?"

"अहो, सरळ नाहीच झालं! घरी आई रोज विचारते, आता तुम्ही."

"मी नाही विचारत. फॉर्म विचारतो."

"फॉर्मला काय करायचंय?"

मी लिहिलं — अविवाहित. पेन जरा जास्तच टेकवलं असावं, खालच्या कागदावरही उमटलं.

रकाना आठ : कोणत्या परवान्यासाठी अर्ज?

"दोन वाटा आहेत," मी माझ्या रोजच्या आवाजात सुरू केलं. "एक हंगामी परवाना. कंपनीचं पत्र तुमच्याकडे आहेच, दीड महिन्यात काम होईल. सहा महिने राहायचं, काम संपलं की परत. एकट्यानेच जायचं. दुसरा, कुशल कामगाराचा. त्याला तिकडच्या भाषेची परीक्षा, प्रमाणपत्रांची तपासणी... आठ-दहा महिने इथेच जातील. नाकारलाही जाऊ शकतो. पण मिळाला तर चार वर्षं. कंपनी बदलता येते. शिवाय..."

"शिवाय?"

"जोडीदाराला नेता येतं."

पंखा फिरत होता, कागद उगाच फडफडत होते. त्याने एका तळहाताने सगळे दाबून धरले. मनगटावर ठिणग्यांचे बारीक डाग — तीळ असावेत तसे.

"तुम्ही माझ्या जागी असता, तर कुठला घेतला असता?"

हा प्रश्न सगळेच विचारतात. माझं उत्तर तयार असतं. त्या दिवशी मात्र मी म्हटलं, "विचार करून सांगते."

पलीकडच्या टेबलावरून आमच्या मालकीणबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. पाच वर्षांत मी विचार करायला वेळ मागितल्याचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

पत्राची मुदत होती तीन आठवडे.

रकाना अकरा : बोटांचे ठसे

आमच्याकडे सरावाचं छोटं यंत्र आहे. त्याने दहाही बोटं टेकवून पाहिली. यंत्र दहाही वेळा ओरडलं.

"नऊ वर्षं तापलेलं लोखंड धरलंत," मी म्हटलं. "रेघाच झिजल्यात. चोरी केलीत तर कुणाला पत्ता लागायचा नाही."

"केली तर पहिल्यांदा तुम्हालाच कळेल."

"काहीतरीच!" माझे कान तापले. मी ड्रॉवरमधून क्रीमची डबी काढली. "आठवडाभर हातमोज्यांशिवाय काम नाही. आणि हे लावायचं, दिवसातून चार वेळा."

"कसं लावायचं?"

"कसं म्हणजे? लावतात तसं."

"मला नाही येत." चेहरा अगदी निष्पाप.

दहा बोटं. प्रत्येक बोटाला लागायला हवा होता त्याहून जास्त वेळ लागला, एवढंच इथे नोंदवते. बाई म्हणाल्या, "डबी संपवू नकोस गं, बाकीचेही वेल्डर येतात."

त्यानंतर तो रोज यायचा. अनुभवाचं पत्र द्यायला. तेच पत्र बरोबर आहे का विचारायला. एकदा नुसती टाचणी मागायला. यंत्राने आठव्या दिवशी हिरवा दिवा दाखवला, तेव्हा आम्ही दोघंही... जरा हिरमुसलोच.

जागा अपुरी पडल्यास वेगळा कागद जोडावा

बाईंचा एक नियम आहे : सल्ला देताना गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसायचं.

मी खरोखर बसले. ऑफिस रिकामं झाल्यावर, टेबलाच्या त्या बाजूला, त्याच्या खुर्चीत. तिथून समोर माझीच खुर्ची दिसत होती.

दुसरा परवाना घ्यायला सांगितलं, तर तो आठ महिने इथे राहील. रोज येईल. शिवाय जोडीदार... मी कारणं मोजत गेले आणि प्रत्येक कारण माझ्याच सोयीचं निघालं. दोनशे अकरा माणसांना मी आजवर वाट दाखवली, पण कुणाच्या अर्जात स्वतःचा फायदा घुसवला नाही. याच्या बाबतीत घुसवू?

दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हटलं, "हंगामी घ्या."

"नक्की?"

"हो. झटपट होईल."

"झटपट." त्याने तो शब्द जिभेवर घोळवला. "म्हणजे मी लवकर गेलेलं बरं."

"मी असं म्हटलं नाही."

"नाही, तुम्ही कुठे? फॉर्म म्हणतो."

त्याने सही केली. त्या दिवशी टाचणी मागितली नाही.

अर्ज समक्ष सादर करावा

अर्ज द्यायला गिऱ्हाइकासोबत जायचं, ही आमची पद्धत. मोठा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर लाल आकडे. आमचं टोकन चौसष्ट. एकसष्ट चालू होतं.

आमच्या दोघांच्या मध्ये त्याने एक खुर्ची रिकामी सोडली होती.

मी कागद शेवटचे तपासायला फाइल उघडली. पासपोर्ट, पत्र, फोटो — न हसणारा, शेवटी जमलेला. आणि तळाशी एक पावती. तिकडच्या भाषेच्या वर्गाची. तारीख पाहिली : आमच्या ऑफिसात तो पहिल्यांदा आला, त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

"हे काय?"

"काही नाही. द्या इकडे."

"तुम्ही तर दुसरा परवाना ठरवलाच होता!"

"ठरवला होता. मग तुम्ही पहिला म्हणालात. जाणकार तुम्ही." तो आकड्यांकडेच बघत होता. "माझी आई म्हणाली, ती मुलगी स्वतःहून घालवतेय तर समजून घे."

बासष्ट.

"मी चुकीचा सल्ला दिला," मी म्हटलं.

"काय?"

"तुमच्यासाठी दुसराच चांगला होता. नऊ वर्षांचा अनुभव, असा हात... दुसऱ्या कुणाला मी डोळे मिटून तोच सांगितला असता. पण त्यात तुम्ही इथे राहणार होतात, आणि मला तेच हवं होतं, म्हणून — म्हणून मला वाटलं, आपण लबाडी करतोय. म्हणून उलटं सांगितलं."

तो वळला. हळूहळू, कानापर्यंत, सगळे दात दाखवत हसला.

"हसू नका," मी म्हटलं. माझा आवाज रडवेला झाला होता. "पत्राची मुदत उद्या संपतेय. आज अर्ज नाही दिला तर ही संधी गेली. दुसरा मिळेलच असंही नाही."

"नाही मिळाला तर इथेही पाइप आहेत."

चौसष्ट. लाल आकडा लुकलुकला. कुणी हललं नाही.

"अहो, जाताय का?" मागच्या रांगेतले एक आजोबा वाकले. "माझा पासष्ट आहे. पाय दुखतात."

"जा आजोबा," तो म्हणाला. "आमचं जरा राहिलंय."

आजोबा गेले. तो उठून मधल्या खुर्चीत येऊन बसला.

"जोडीदारालाही भाषेची परीक्षा असते ना?"

"पहिल्या पातळीची. असते."

"वर्गात माझ्या शेजारी एक जागा रिकामी आहे."

दोनशे अकरा माणसांना मी विचारलं होतं — जायचंय का, कुठे, कधीपासून? मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. माझ्याकडे तर पासपोर्टसुद्धा नव्हता.

"बोल ना," तो हळूच म्हणाला. पहिल्यांदाच 'तू'वर आला होता, आणि आपलं आपणच दचकला.

"आधी एक बघावं लागेल," मी म्हटलं. "त्या परवान्यावर जोडीदाराला तिथे नोकरी करता येते का. नाही येत असं निघालं, तर दुसरा देश शोधायचा. नुसती सोबत म्हणून मी कुठेही येणार नाही, आधीच सांगते."

तो माझ्याकडे बघत राहिला. ओठांवरचं हसू मागे घ्यावं की राहू द्यावं, हे त्याला कळेना.

"हा... सल्ला आहे?"

"सल्ला ऑफिसात मिळतो. दहा ते सहा." मी फाइल बंद केली आणि त्याचा हात हातात घेतला. "हा होकार आहे."